कळतं पण वळत नाही : देहभान, हळुवार स्पर्श आणि अंतर्मुख युद्धकलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वाटेला येणारी बहुतेक माणसं आधी बरंच काही करून आलेली असतात. वाचन झालेलं असतं, ध्यान झालेलं असतं, प्रवचनं ऐकून कान तृप्त झालेले असतात. तक्रार मात्र एकच असते: कळतं सगळं, पण वळत नाही. राग वाईट हे पाठ आहे, पण फोन वाजला की जबडा आवळला जातोच. मराठीतल्या या म्हणीत 'कळणं' डोक्याकडे आहे आणि 'वळणं' अंगाकडे. खालचे प्रश्न त्या दुसऱ्या शब्दाविषयी आहेत. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना दमानं घ्यावं लागलं.

हा सगळा प्रकार नेमका आहे तरी काय?

तीन वाटा इथे एकमेकींना मिळतात. पहिली म्हणजे स्वतःच्या शरीराकडे आतून लक्ष देण्याचे सराव: आडवं पडून अगदी लहान हालचाली करणं, उभं राहून वजन कुठल्या पावलावर पडतंय ते जोखणं, श्वास न बदलता नुसता पाहणं. अशा सरावांना 'सोमॅटिक्स' हे नाव थॉमस हॅना यांनी १९७०च्या दशकात रूढ केलं. दुसरी वाट हळुवार स्पर्शाची. दुसऱ्या माणसाचा हात तुमच्या मानेखाली किंवा बरगड्यांवर असतो; तो दाबत-रगडत नाही, फक्त विचारपूस करतो. तिसरी वाट ताई चीसारख्या युद्धकलांची, जिथे दंडाच्या ताकदीपेक्षा सैलपणाला आणि जाणिवेला जास्त किंमत आहे.

उगम तिन्हींचे वेगळे आहेत, पोशाख वेगळे आहेत, शिकवणाऱ्यांचे अहंकारही वेगवेगळ्या घाटाचे आहेत. पण सराव सुरू झाला की तिन्हींकडून प्रश्न एकच येतो: आत्ता या क्षणी तू विनाकारण काय धरून ठेवलं आहेस?

'देहभान हरपणं' ही तर मोठी अवस्था मानतात. मग देहभान आणायला कशाला सांगता?

हा माझा आवडता प्रश्न. ज्याचं भानच नव्हतं ते हरपणार काय? सहा तास खुर्चीत बसून उठल्यावर पायाला मुंग्या आल्यात हे लक्षात येतं, तेव्हा देहभान हरपलेलंच होतं की! त्याला कुणी समाधी म्हणत नाही.

गाण्यात किंवा नाचण्यात रंगलेल्या माणसाकडे जरा नीट पाहा. त्याचं देहभान हरपलंय असं आपण म्हणतो, पण त्याची पावलं तालावर चोख पडत असतात, श्वास सुरात असतो, हात जिथे जायला हवेत तिथे जातात. हरपलेलं असतं ते 'मी कसा दिसतोय' याचं भान. देह उलट पुरता जागा असतो. या सरावांना तीच जाग हवी असते, फक्त रंग चढण्याची वाट न पाहता, साध्या मंगळवारच्या सकाळीसुद्धा.

जागृती म्हणजे तुम्ही काय धरून चालता?

फार मोठी व्याख्या करण्याच्या फंदात मी पडत नाही. एखादा क्षण असा येतो की आपण ज्याला 'मी' म्हणून घट्ट धरलं होतं ती एक सवय होती असं स्वच्छ दिसतं. असा क्षण पुष्कळांना येतो: ध्यानात, आजारपणात, कधी नुसतं खिडकीबाहेर पाहताना. अडचण पुढे आहे. तो क्षण आठवण होऊन बसतो आणि माणूस जुन्याच खांद्यांनिशी, जुन्याच दचकण्यानिशी जगत राहतो. दिसलं ते अंगी बाणायला वेळ लागतो. शरीराचे सराव जागृती 'देतात' असं मी म्हणणार नाही. आलेली जागृती मुरायला जागा मात्र करून देतात, आणि कधी कधी दारही उघडतात.

आणखी एक. अध्यात्माची पळवाटही होते. जॉन वेलवुड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात या प्रकाराला नावच दिलं: मनातल्या न सुटलेल्या गाठी टाळण्यासाठी अध्यात्माचा आडोसा घेणं. 'मला आता राग येतच नाही' असं म्हणणाऱ्याची मूठ पाहावी. मूठ सहसा खोटं बोलत नाही.

मी आसनं करतोच. यात वेगळं काय?

नीट करत असाल तर फारसं काहीच नाही. पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केली, स्थिर आणि सुख, आणि लगेच पुढच्या सूत्रात ते कसं साधायचं तेही सांगितलं: प्रयत्नशैथिल्य आणि अनंतावर चित्त. प्रयत्न सैल करणं हा मूळ पाठातलाच भाग आहे, तो आपण गाळला. बोटं अंगठ्याला लागली की नाही यावर सगळं लक्ष, श्वास कधीच अडकलेला. आसन झालं, पण ते आसनाच्या फोटोचं.

अंतर्मुख युद्धकला म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रामुख्याने तीन चिनी कला: ताई ची, बागुआ आणि शिंगयी. ताई चीचं पूर्ण नाव ताईचीछुआन. त्यातल्या 'छुआन'चा अर्थ मूठ. बागेतल्या संथ हालचाली पाहून हे विसरायला होतं. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ही कला वाढली आणि तिची परंपरा सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग यांच्यापर्यंत नेली जाते. यांग लूछान (१७९९–१८७२) त्या गावात शिकले आणि त्यांनी ती बीजिंगला नेली. आज जगभर शिकवला जाणारा २४ हालचालींचा सोपा संच १९५६ मध्ये तयार झाला, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बागुआत वर्तुळावर चालत राहायचं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या दोंग हाइछुआन यांच्यापासून ती ज्ञात आहे. शिंगयी सरळ रेषेत घुसते. तिच्यातले पाच मूळ प्रहार पंचतत्त्वांशी जोडलेले आहेत (चिनी पंचतत्त्वं, आपली नव्हेत: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी). विसाव्या शतकात वांग श्यांगझाय यांनी तर ठरलेल्या हालचालींचे संचच बाजूला ठेवले आणि नुसत्या उभं राहण्याला मध्यभागी आणलं. जपानकडे वळलात तर मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांचं आयकिडो याच कुळातलं मानायला हरकत नाही.

'अंतर्गत' आणि 'बाह्य' हा भेद जुना आहे. चिनी विचारवंत हुआंग झोंगशी यांनी १६६९ मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखात तो येतो. पण त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. बाहेरून सुरुवात केलेले वीस वर्षांनी आत पोहोचतात, आणि आतून सुरुवात केलेल्यांनाही कधीतरी घाम गाळावाच लागतो.

'सैल व्हा' असं सगळेच सांगतात. म्हणजे करायचं काय?

इथे बहुतेकांची वर्षं जातात, माझीही गेली. ताई चीत यासाठी 'सोंग' हा चिनी शब्द आहे. तो 'आराम' नाही आणि 'ढिलेपणा' तर मुळीच नाही. ओला टॉवेल दांडीवर टाकला की तो लोंबतो; हा ढिलेपणा. झाडाची फांदी वाऱ्यात हलते, पण बुंध्याशी तिचं नातं तुटत नाही. सैलपणा त्याच्या जवळ जातो.

एक प्रयोग आत्ताच करून पाहा. उजवा हात समोर, खांद्याच्या जरा खाली, आडवा धरा, जणू मोठा चेंडू कवेत घेतला आहे. आता विचारा: हा हात धरून ठेवायला कोण राबतंय? खांदा कानाकडे चढला असेल तर त्याला खाली ढकलू नका. ढकलणं हा दुसरा ताण. त्याऐवजी कोपर किंचित जड आहे अशी कल्पना करा आणि थांबा. दहा-पंधरा सेकंदांनी खांदा आपणहून पावभर इंच उतरतो. हात पडत नाही. आतल्या आत ओझं दंडाकडून पाठीकडे, पाठीकडून पायांकडे गेलेलं असतं. तुम्ही काही केलं नाहीत, करणं थांबवलंत. हे 'थांबवणं' जमलं की तेच पुढे बोलण्यात, वाद घालण्यात, झोपण्यातही उतरतं.

यामागे एक साधं तत्त्व आहे. रिकाम्या वाटीत चमचाभर पाणी घातलं तर हाताला कळतं, भरलेल्या बादलीत घातलं तर नाही. ओझं जितकं मोठं तितका बारीक फरक कळत नाही. एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात याचा नियमच मांडला. स्नायू सतत बादलीसारखे भरलेले असतील तर आत काय चाललंय ते कळणार कसं? म्हणून इथे हालचाली लहान आणि संथ असतात. संथपणा हा काही पवित्र गुण नाही, ती चमचाभर फरक कळण्याची सोय आहे.

शांती हवी आहे, मग युद्धकला कशाला?

कारण एकट्याने शांत राहणं सोपं आहे.

ताई चीत 'तुइशौ' नावाचा सराव असतो. दोघं समोरासमोर उभे, मनगटं किंवा कोपरापुढचे हात एकमेकांना टेकलेले. समोरचा हळूच आपलं वजन माझ्याकडे आणतो. मी विरोध केला तर तो माझ्याच विरोधाला धरून मला हलवतो. मी कोसळलो तरी हलवतो. राहते एकच वाट: त्याचं वजन येऊ द्यायचं, कमरेत वळायचं आणि ते जमिनीत जाऊ द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा हात छातीजवळ आला की माझे दात एकमेकांवर बसतात, श्वास वर चढतो, आणि बारा वर्षांच्या ध्यानाचं जे काही संचित असेल ते कुठेतरी निघून जातं. हे एका मिनिटात चार वेळा घडतं, चारही वेळा दिसतं, आणि पाचव्या वेळी दात बसण्याआधीच कळतं. या 'आधीच कळण्या'साठी दुसरा माणूस लागतो.

त्यापलीकडे, स्पर्श न करता माणसं उडवणाऱ्या गुरूंच्या नादी लागू नका. त्यांचे शिष्य उडतात, कारण त्यांना उडायचं असतं. २०१७ मध्ये चेंगडूमध्ये मिश्र युद्धकलेच्या एका लढवय्याने ताई चीचे जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांना काही सेकंदांतच खाली पाडलं आणि त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यातून ताई ची खोटी ठरत नाही. न तपासलेला आत्मविश्वास खोटा ठरतो.

छी किंवा प्राण खरंच असतो का?

छी म्हणजे चिनी परंपरेतली जीवनऊर्जा, आपल्या प्राणाच्या जवळची कल्पना. उभं राहण्याच्या सरावात पाचव्या-सहाव्या मिनिटाला तळहात गरम होतात, बोटांच्या टोकांशी स्पंदन जाणवतं, दोन हातांमध्ये काहीतरी भरीव असल्यासारखं वाटतं. हा अनुभव बहुतेकांना येतो. ताण उतरला की हातांकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि तिथे लक्ष दिलं की संवेदना ठळक होतात. एवढ्याने बरंचसं उलगडतं. त्याला छी म्हणा, प्राण म्हणा, नाहीतर नाव न देता पुढे जा. माझं मत विचाराल तर हा शब्द सूचना म्हणून कामाचा आहे, पुरावा म्हणून नाही. 'छी तळव्यांकडे जाऊ दे' म्हटल्यावर सैल पडलेलं अंग 'अमुक स्नायू शिथिल कर' म्हटल्यावर तसं पडत नाही. मात्र त्याच छीने कुणी कर्करोग बरा करण्याची भाषा करू लागला, तर चपला घाला आणि निघा.

हळुवार स्पर्शाने नक्की काय होतं?

एक जुनी गोष्ट सांगतो, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (१८६९–१९५५) हे टास्मानियात जन्मलेले नट. रंगमंचावर बोलताना त्यांचा आवाज बसायचा, विश्रांतीने सुधारायचा आणि पुन्हा बसायचा. त्यांनी आरसे लावून स्वतःला बोलताना पाहिलं. बोलायला सुरुवात करताच डोकं मागे खेचलं जायचं, घसा दाबला जायचा, श्वास ओढल्यासारखा आत यायचा. ठीक, मग डोकं पुढे ठेवायचं! त्यांनी तसं केलं, तसं जाणवलंही, आणि आरशात पाहिलं तर डोकं अजून मागेच. जाणीवच चुकीची साक्ष देत होती. कळतं पण वळत नाही याची याहून चोख नोंद मला ठाऊक नाही.

म्हणून दुसऱ्याचा हात लागतो. तो तुम्हाला दुरुस्त करत नाही, खरी बातमी देतो. मोशे फेल्डेनक्राईस (१९०४–१९८४) हे भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्युडोचे जाणकार. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळे ते या कामाकडे वळले. त्यांच्या पद्धतीत शिकवणारा तुमचं डोकं दोन्ही हातांत घेतो आणि कुठल्या बाजूला ते सहज जातं ते शोधतो. अवघड बाजूला ओढत नाही. सोपी बाजू आणखी सोपी करतो. काही वेळाने अवघड बाजूही मऊ पडते. मानेखाली हात आल्यावर आपण डोकं त्याच्यावर सोडतो असं प्रत्येकाला वाटतं. हात काढून घेतला की डोकं हवेत तसंच तरंगत राहतं, तेव्हा हसू येतं. सोडलेलं नव्हतंच.

त्वचेचं स्वतःचंही एक शास्त्र आहे. केसाळ त्वचेत असे बारीक मज्जातंतू असतात जे सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर इतक्या संथ, कुरवाळणाऱ्या स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. घाईचा स्पर्श त्यांना तितकासा भावत नाही.

क्रेनियोसॅक्रल पद्धतीत कवटीची हाडं हलतात म्हणे?

डोक्यावर हलके हात ठेवून करायच्या या स्पर्शपद्धतीचा तसा दावा आहे, आणि त्या हालचालीला एक लय असते असंही मानतात. पण एकाच माणसाच्या डोक्यावर दोन तपासनिसांनी हात ठेवून ती लय मोजली तर त्यांची उत्तरं जुळत नाहीत. मला स्वतःला त्या टेबलावर फार गाढ विश्रांती मिळाली आहे. तिचं श्रेय मी पाऊण तास घाई न करणाऱ्या हातांना देतो, कवटीच्या लयीला नाही.

स्पर्शाचं काम करणाऱ्याची पारख कशी करायची?

कपडे अंगावर राहतात. कुठे हात ठेवणार ते आधी सांगितलं जातं. 'नको' म्हटलं की हात उठतो, चेहरा न पाडता. तुमच्या शरीरात कुठल्या जन्माचं काय साठलंय हे तो तुम्हाला सांगत नाही. आणि तीन-चार भेटींनंतर तुम्हाला त्याची गरज कमी वाटू लागते, वाढत नाही. यातली एक गोष्ट जरी खटकली तरी उठून यावं. जननेंद्रियांच्या आसपास 'ऊर्जेचं काम' म्हणणारा माणूस गुरू असो वा थेरपिस्ट, तो गुन्हा करत असतो. त्याला शंकेचा फायदा देऊ नका.

ताप, ताजं हाड मोडलेलं, पायाच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टर, मग हे.

सराव करताना एकदम रडू आलं. हे बरोबर आहे का?

बरोबरही नाही, चूकही नाही. घसा दाटून येणं, पोटात गोळा येणं, छातीत धस्स होणं, हातपाय गळणं. भावना कुठे राहतात हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. आवळलेली जागा सैल झाली की तिथे अडकलेलं कधी वर येतं. मांड्या थरथरतात, तेही चालतं. येऊ द्या, जाऊ द्या. त्याची गोष्ट रचत बसू नका, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा आणायचा प्रयत्नही करू नका. रडण्याला प्रगतीचं माप समजणारे वर्ग असतात. तिथे माणसं रडायला शिकतात, सैलवायला नाही.

माझं उलटं होतं. आत लक्ष नेलं की भीतीच वाढते.

मग आत लक्ष नेऊ नका. हे मी गंभीरपणे सांगतोय. ज्याच्या अंगावर कधी काळी आघात झाला आहे, त्याच्यासाठी शरीर ही सुरक्षित जागा नसते, आणि 'श्वासाकडे पाहा' ही सूचना त्याला अंधाऱ्या खोलीत ढकलल्यासारखी वाटू शकते. डोळे उघडे ठेवा. खोलीत नजर फिरवा, मान वळवून. पावलांखालची जमीन, पाठीमागची भिंत, हातातली थंड वस्तू, एवढ्यावरच राहा. बसण्यापेक्षा चालणं बरं. दोन मिनिटं पुरेत. आणि सोबतीला प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असावा, ताई चीचा शिक्षक पुरेसा नाही.

कुंडलिनी 'चुकीची चढली' तर काय?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन वाचलेल्या माणसाला पाठीत जरा उष्णता जाणवली की लगेच शंका येते. बहुतेक वेळा ती नुसती उष्णता असते. पण जोर लावून, श्वास कोंडून, झोप तोडून केलेल्या साधनेने माणसं खरोखर बिघडतात, आणि हे सगळ्या परंपरांना माहीत आहे. चिनी लोक याला 'अग्नी भरकटला, भूत शिरलं' अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखतात.

जपानचे झेन गुरू हाकुइन (१६८६–१७६९) तरुणपणी असेच आजारले: डोकं तापलेलं, पाय बर्फासारखे थंड, कानात गलका. त्यांनी पुढे जो उपाय लिहून ठेवला तो मला फार गोड वाटतो. डोक्यावर मऊ लोण्याचा सुगंधी गोळा आहे अशी कल्पना करायची. तो वितळतोय, कपाळावरून, खांद्यांवरून, छातीतून, पोटातून ओघळत तळपायापर्यंत जातोय. सगळी दिशा खाली. डोक्यात चढलेल्या साधकाला पायांवर आणणारी ही युक्ती आजही चालते.

मात्र सलग दोन-तीन रात्री झोप नाही, विचार धावताहेत, आवाज ऐकू येताहेत, आपली काही विशेष नेमणूक झाली आहे असं वाटतंय. अशा वेळी लोण्याचा गोळा नको. साधना ताबडतोब बंद करा आणि मनोविकारतज्ज्ञाला गाठा. यात कमीपणा काही नाही.

घरी एकट्याने सुरुवात करायची तर कशी?

उभं राहा. 'झान झुआंग', म्हणजे खांबासारखं उभं राहणं. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, समांतर. गुडघ्यांची कुलपं उघडी, वाकलेले जेमतेम. उंच स्टुलाच्या कडेवर टेकतोय असं माकडहाड खाली जाऊ द्या. हात पोटासमोर किंवा छातीसमोर गोल. डोळे उघडे, नजर मऊ. पाच मिनिटांपासून सुरू करा.

पहिल्या मिनिटाला वाटतं, एवढंच? दुसऱ्याला खाज सुटते. तिसऱ्याला मन याद्या करू लागतं. चौथ्याला डावा खांदा (माझा तरी डावाच) बोलू लागतो. तिथे दोन चुका होतात: दात-ओठ खाऊन सहन करणं, किंवा चटकन हात खाली टाकणं. मधली वाट शोधा. हात दोन बोटं खाली घ्या, श्वास सोडा, तळपायांत वजन पुढेमागे करून पाहा. दुखणं आणि तुम्ही, दोघांनाही जागा होते. काही क्षण असे येतात की उभं राहणारा कुणी सापडत नाही, उभं राहणं तेवढं असतं. त्या क्षणाच्या मागे लागलात की तो गेलाच.

सराव संपवताना घाई नको. चक्कर आली तर खाली बसा. गुडघे ताठ कुलूपबंद करून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येऊ शकते.

मला काहीच जाणवत नाही.

'काहीच नाही' हे कुठे जाणवतं ते पाहा. बहुतेकांना कपाळात.

किती दिवसांत फरक पडेल?

चिनी परंपरेत पहिले शंभर दिवस पाया घालण्याचे मानतात, आणि तो अंदाज मला वाजवी वाटतो. रोज वीस मिनिटं, रविवारी दोन तास नव्हे. पहिला फरक सरावात दिसणार नाही. दार ओढताना, पेन धरताना, कुणीतरी ओरडल्यावर दिसेल. एकदा एक ताई म्हणाल्या, "सरावात काहीच होत नाही हो, पण मुलावर चिडायच्या आधी मला माझे पाय जाणवतात." मी त्यांना म्हटलं, यापेक्षा जास्त मला अजून जमलेलं नाही.

वैद्यकीय पुरावा आहे का?

काही गोष्टींसाठी बऱ्यापैकी. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित धांडोळा) ताई चीने वयस्क लोकांचं पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकतं. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल लक्षणीय सुधारला. जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांच्या २००८च्या ब्रिटिश चाचणीत अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना वर्षभरानंतर महिन्यातले दुखणारे दिवस कितीतरी कमी राहिले. हे सगळं तोल, पडणं, पाठ यांविषयी आहे. जागृतीची चाचणी अशी घेता येत नाही, आणि कुणी 'विज्ञानाने सिद्ध झालेली जागृती' विकत असेल तर तो एका वाक्यात दोन्हींचा अपमान करतो.

शिक्षक लागतोच का? व्हिडिओ पुरे नाहीत?

उभं राहायला, आडवं पडून करायच्या हालचालींना व्हिडिओ किंवा आवाजाची फीत चालते. फेल्डेनक्राईसचे धडे तर बोलूनच शिकवतात. ताई चीला माणूस हवा. अलेक्झांडरचे आरसे आठवा: आपण काय करतोय याची आपली कल्पना आणि आपण करतोय ते, यांत फार अंतर असतं.

शिक्षक पाहताना तो किती सुंदर हालतो याने भुलू नका. चुकल्यावर तो कसा हसतो, प्रश्न विचारणाऱ्याकडे कसं पाहतो, आणि त्याचे दहा वर्षांचे विद्यार्थी मोकळे झालेत की त्याच्याच लकबी उचललेल्या सावल्या झालेत, ते पाहा.

गुडघा दुखतोय. चालू ठेवू?

नाही.

थोडं सविस्तर: मी ज्यांच्याकडे सुरुवातीला शिकलो ते फार खाली बसून हालचाली करायला लावत. गुडघा आत वळतोय हे मला कळत होतं, पण 'सहन कर, ऊर्जा वाट काढतेय' हे ऐकण्यात एक नशा होती. पुढचे आठ महिने मी जिना आडव्या पायांनी उतरलो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे, वळण कमरेतून आलं पाहिजे, आणि वजन असलेलं पाऊल जमिनीवर घासून फिरवायचं नाही. मांडीच्या स्नायूत जळजळ चालते. सांध्यात टोचणं, सूज, अडकणं चालत नाही. ती ऊर्जा नसते, कूर्चा असते.

साठीनंतर सुरू केलं तर चालेल?

उत्तम. तरुणांकडे ताकद असते, म्हणून ते फसवणूक करू शकतात. साठीनंतर ती सोय उरत नाही, त्यामुळे सैलपणा लवकर समजतो. तोल फारच डळमळत असेल तर भिंतीजवळ किंवा खुर्चीच्या पाठीला हात लावून करा.

सरावात झोपच लागते.

मग झोपा. चटईवर, कुशीवर वळून, पंधरा-वीस मिनिटं. पुष्कळ लोक ज्याला आध्यात्मिक तहान म्हणतात ती आधी थकवाच असते. उठलात की पुन्हा उभे राहा, पाच मिनिटं, आणि डावा खांदा काय म्हणतोय ते बघा.